कुत्र्यांच्या नावानं चांगभलं

दिवाळी अंकात व्यंगचित्राची जागा ठरलेली असते. कथा पानाच्या मध्यावर संपली आणि जाहिरात काही मिळाली नाही, की उरलेल्या जागेत आम्ही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस चकलीबरोबर वाचत आला आहे. त्या वाचनाच्या तळाशी, राशिभविष्याच्या अलीकडे, मी बरीच वर्षं चौकट धरून बसलोय. मानधन म्हणून अंक येतो. एका वर्षी तोही आला नाही. फोन केला तर संपादक म्हणाले, "थांबा हं, तुम्ही आमच्या अंकात आहात का ते बघून सांगतो."

तेव्हा स्वतःचं पुस्तक स्वतःच काढायचं ठरवलं. नाव 'अवाक्'. सगळी चित्रं शब्दाविना.

छापखान्याच्या मालकांनी चित्रं पाहिली नाहीत, मोजली. शीर्षकपान वगैरे धरून 61 पानं होत होती. "सोळा पानांचा फॉर्म. चौसष्ट करा," ते म्हणाले. तीन पानं आणू कुठून? "मनोगत लिहा. सगळे लिहितात." अशा रीतीनं शब्दाविना पुस्तकाला तीन पानांचं मनोगत लागलं. मग ते सहज बोलल्यासारखे बोलले, "पाचशे काढा नाहीतर हजार काढा, प्लेटा तेवढ्याच. वाढतो तो कागद." हे ऐकल्यावर ज्याला हजाराचा मोह होत नाही, त्यानं पुस्तक काढण्याच्या भानगडीत मुळात पडूच नये. गठ्ठे घरी आले आणि दिवाणात गेले. दिवाणातल्या रजया कपाटात गेल्या, कपाटातल्या साड्या माझ्या टेबलावर आल्या. तेव्हापासून मी ओट्यावर चित्रं काढतो.

आयएसबीएन क्रमांक सरकार फुकट देतं. या सगळ्या व्यवहारात फुकट मिळालेली ती एकच गोष्ट. वितरकानं जवळजवळ निम्मी किंमत सवलतीत मागितली. बाहेरगावी पाठवावं, तर रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सोय टपाल खात्यानं डिसेंबर 2024 मध्ये बंद केलेली.

समाजसेवेची कल्पना मला इथे सुचली. निर्मळ मनानं सुचली असं म्हणवत नाही. पुण्यात मंगेश तेंडुलकर चौकात उभे राहून वाहनचालकांना वाहतुकीवरची व्यंगचित्रं वाटत. व्यंगचित्रकार आणि समाजकार्य यांचा जोड जुना आहे, असं मी मनाला पटवलं. ते चित्रं फुकट वाटत, हा तपशील मी सोयीनं बाजूला ठेवला. गल्लीजवळच भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करणारी एक संस्था होती. किंमत 200 रुपये, त्यातले 50 कुत्र्यांना. मी फलक रंगवला: 'हसा आणि नसबंदीला हातभार लावा.' बायकोनं तो दोनदा वाचला आणि काही न बोलता आत गेली.

वर्ष 2025. 11 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितली. 22 तारखेला त्यात बदल झाला: पिसाळलेली आणि चावरी सोडून बाकीची नसबंदी, लसीकरण करून होती तिथे सोडा. त्या महिन्यापासून प्रत्येक सोसायटीत दोन तट पडलेले. नेमक्या त्या मुहूर्तावर मी दिवाळीपूर्व प्रदर्शनात टेबल लावलं. डावीकडे भाजणीच्या काकू, उजवीकडे खोटे दागिने.

पहिले गृहस्थ पुस्तक चाळून म्हणाले, "खाली ओळी छापायच्या राहिल्यात." मी म्हटलं, ही शब्दाविना चित्रं आहेत. शि. द. फडणीसांचं 'मोहिनी'च्या अंकावरचं ते चित्र आठवा, मांजरं आणि उंदीर छापलेल्या कपड्यांतलं जोडपं! "हो हो! काय चित्र होतं!" त्यांचा चेहरा उजळला. ते आहे का तुमच्याकडे, असं त्यांनी विचारलं आणि नाही म्हटल्यावर भाजणीकडे वळले.

दुसरे थेट फलकावर आले. "रात्री स्कूटरच्या मागे लागतात, त्यांच्यासाठी मी पैसे देऊ?" मी घोकलेलं सांगितलं. 2023 च्या नियमांप्रमाणे कुत्रं पकडतात, शस्त्रक्रिया करतात, रेबीजची लस देतात, ओळखीसाठी कानाला खाच पाडतात आणि जिथून उचललं तिथेच सोडतात. "म्हणजे खर्च करून परत आमच्याच गल्लीत?" तेवढ्यात एक ताई, "कान कापतात? आणि तुम्ही त्यावर विनोद करता?" दोघं एकमेकांशी भांडू लागले म्हणून मी सुटलो. पुस्तकाचा विषय कुणीच काढला नाही.

भाजणीच्या काकूंना दया आली. "अहो, नुसतं मांडून काय होतंय? चव द्यायला लागते." मग मी पाटी लावली: पुस्तक घेणाऱ्याचं अर्कचित्र मोफत. लगेच रांग लागली. पहिल्या बाईंचं नाक देखणं होतं, म्हणजे आमच्या धंद्याच्या दृष्टीनं. मी नाकापासून सुरुवात केली आणि भरात येऊन कागदाच्या कडेपर्यंत पोचलो. बाकी चेहरा उरलेल्या जागेत बसवला. बाई चित्राकडे पाहत राहिल्या. "माझं नाक एवढं आहे?" त्यांनी हे मला विचारलं असतं तर मी निभावून नेलं असतं. त्यांनी नवऱ्याला विचारलं. नवऱ्यानं चित्र हातात घेतलं, एकदा कागदाकडे, एकदा बायकोकडे पाहिलं आणि अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाला, "जमलंय हो!" पुढचं संभाषण पार्किंगमध्ये झालं. रांग पांगली. मागे उरलेले एक टक्कलवाले आजोबा म्हणाले, "केस काढाल ना जरा?"

तरी संध्याकाळपर्यंत बरीच पुस्तकं गेली. लोक मोबाइल पुढे करायचे, टिंग वाजायचं, मी सही करून प्रत द्यायचो. रात्री खातं उघडून पाहिलं तर त्यात शंभरच्या आसपासच रक्कम, तीही दूधवाल्यानं परत केलेली. टेबलावर क्यूआर कोड दोन होते. एक संस्थेचा, मोठा, वर कान पाडून बसलेल्या पिल्लाचा फोटो. दुसरा माझा, शेजारी, वर माझा फोटो. लोकांनी कुठला स्कॅन करावा? सगळे दोनशेच्या दोनशे कुत्र्यांना गेले होते.

संस्थेत गेलो. तिथला हिशेबनीस मुलगा फार आदरानं वागला. चहा दिला. पैसे परत कसे मागावेत याची मी जुळवाजुळव करत होतो, तर तोच म्हणाला, "काका, बरं झालं आलात, अडचण झालीय. या सगळ्यांना देणगीवरच्या करसवलतीच्या, 80 जीच्या पावत्या गेल्या. आता आमचे सीए विचारतात, पैशांच्या बदल्यात पुस्तक मिळालं असेल तर ही देणगी कशी? ती तर विक्री झाली."

"विक्रीच आहे ती," मी म्हणालो.

"हो, पण पावत्या गेल्यात ना. म्हणून म्हटलं, तुम्ही एक पत्र द्या. पुस्तक केवळ भेट म्हणून दिलं आणि त्याचं बाजारमूल्य नगण्य आहे, असं."

बाकड्याखाली एक कुत्रं पसरलं होतं, कानाला ताजी खाच. बहुतेक माझ्याच पैशातली. मी कागद मागितला. मराठीत चालेल का, विचारलं.

"चालेल की. फक्त सही जरा वाचता येईल अशी करा," तो म्हणाला. "चित्र नको."