नवशिक्यांसाठी शांतता, सोलर दिव्यांसह

साहित्य: एक अंगण, नाहीतर तळमजल्याच्या फ्लॅटमागची मातीची पट्टी, वेताची एक खुर्ची, सोलर दिव्यांचा बाराचा संच, आणि ‘आता रोज संध्याकाळी बाहेर बसायचं’ असं जाहीर करणारा घरातला एक उत्साही माणूस. हा शेवटचा घटक आठवडाभरात आपोआप नाहीसा होतो, म्हणून खड्डे खणायची कामं त्याच्याकडून आधीच करून घ्यावीत.

खोक्यावरच्या चित्राला भुलू नका. त्यातली हिरवळ खोक्यात नसते. हातात येतं ते एवढंच: माथ्यावर चार बोटं रुंदीचं पॅनेल, पोटात 1.2 व्होल्टचा रिचार्ज होणारा एक सेल, इवलासा एलईडी आणि खाली प्लॅस्टिकचा खुंटा. पॅनेल दिवसभर सेल भरतं. अंधारात पॅनेलकडून येणारी वीज थांबली की आतल्या सर्किटला संध्याकाळ कळते आणि दिवा लागतो. या उजेडात पेपर वाचता येत नाही. पायरी कुठे संपते एवढं दिसतं.

पहिलं काम, बटण. ते दिव्याच्या बुडाशी, सहसा चिखल लागेल अशाच जागी असतं. काही दिव्यांत सेलपाशी प्लॅस्टिकची पट्टी अडकवलेली असते, ती ओढून काढायची. हे न करता दिवे थेट मातीत रोवून, सातच्या सुमाराला सहकुटुंब बाहेर बसून वाट पाहणारे लोक असतात. त्यांना शांतता मिळते, पण अंधारातली. बटण लावल्यावर पॅनेलवर तळहात ठेवा. दिवा लागेल. हात काढा. विझेल. मग घरातला प्रत्येक जण हात ठेवून पाहील; आजोबा दोनदा पाहतील, दुसऱ्यांदा चष्मा लावून. सबंध उपक्रमातली सर्वांत आनंदाची वेळ हीच, ती घाईत उरकू नका.

दुसरं काम जागेचं, आणि खरी मेख इथे आहे. माणसाला बसायला सावली लागते, दिव्याला ऊन. आपण खुर्ची टाकतो आंब्याखाली आणि दिवे रोवतो खुर्चीभोवती. दिवसभर उपाशी राहिलेला दिवा रात्री अर्ध्या तासात मान टाकतो. मग घरात तीन मतं पडतात: दुकानदाराने फसवलं, सोलरमध्ये काही अर्थ नाही, आणि आंब्याच्या दोन फांद्या छाटू या. तिसरं मत मांडणाऱ्याला चहा करायला आत पाठवा. उपाय साधा आहे. वायरीने जोडलेलं वेगळं पॅनेल असलेले दिवे मिळतात. दिवा झाडाखाली, पॅनेल उन्हातल्या भिंतीवर, तोंड दक्षिणेकडे आणि जरा कललेलं. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडूनच जातो, आणि बाहेर बसावं अशा रात्री हिवाळ्यातल्याच. मेच्या मध्याला पुण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा पॅनेल आडवं ठेवलं तरी त्याची तक्रार नसते. तक्रार तुमची असते.

मुरमाड जमिनीत खुंटा हातोडीने ठोकू नये, तो मोडतो. आदल्या रात्री पाणी घाला, सळईने भोक पाडा, मग रोवा. आणि बाराही दिवे एका ओळीत, समान अंतरावर लावायचा मोह आवरा. अंगणाची धावपट्टी होते.

आता सोसायटीचा फ्लडलाइट. त्याचा झोत पॅनेलवर पडला की बिचाऱ्या सर्किटला वाटतं अजून दिवसच आहे, आणि दिवा लागतच नाही. सचिवांकडे अर्ज करता येईल. अर्ज सर्वसाधारण सभेत येईल, सुरक्षेचा मुद्दा निघेल, आणि आणखी एक फ्लडलाइट मंजूर होईल. त्यापेक्षा दिवा कुंडीच्या पलीकडे सरकवा.

प्रकाश पिवळसर घ्या, 3000 केल्विनच्या आसपासचा. पांढऱ्या-निळ्या उजेडावर किडे जास्त येतात, आणि किड्यांमागे पाल येते. उत्साही माणूस गेल्यानंतर तुमच्या विसाव्याची कायम सभासद तीच. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात, त्या संध्याकाळी दिवे बंदच ठेवा.

जून ते सप्टेंबर फार अपेक्षा ठेवू नये. ढगाळ दिवसात सेल पुरता भरत नाही. सेल काढून घरात कोरड्या जागी ठेवले तरी चालेल. उरलेल्या आठ महिन्यांत पॅनेल ओल्या फडक्याने पुसा. आपल्याकडची धूळ पाहता हे काम देवपूजेबरोबर लावून घेतलेलं बरं.

वर्ष-दोन वर्षांनी दिवे मंदावतील. फेकू नका, सेल बदला. पण भिंतीवरच्या घड्याळातला 1.5 व्होल्टचा साधा सेल ‘बसतोय की’ म्हणून घालू नका. तो चार्ज होण्यासाठी बनवलेला नसतो. गळतो आणि पत्र्या गंजवतो. रिचार्जेबलच आणा, आणि जुने सेल ओल्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

हे सगळं नीट जमलं, तरी बारा दिवे फारच होतात. चार ठेवा: पायरीपाशी एक, तुळशीपाशी एक, वाटेच्या वळणावर दोन. आठ शेजारच्या काकूंना देऊन टाका, म्हणजे सभेत फ्लडलाइटच्या विरोधात दुसरं मत पडेल.