वेणुवस्त्राचे शिवणकाम : नियम आणि एक अपवाद

ज्यांना बांबूच्या कापडाचे वस्त्र घरच्या घरी बेतून, शिवून आणि परिधानकर्त्याच्या अंगावर यथायोग्य बसवून द्यावयाचे आहे, त्यांच्या मार्गदर्शनार्थ पुढील नियम सिद्ध केले आहेत. हे नियम सर्वसाधारण स्वरूपाचे असून कोणाही विशिष्ट व्यक्तीस उद्देशून नाहीत. उदाहरणादाखल जेथे एखाद्या पुरुषदेहाची आवश्यकता भासली, तेथे आमचे थोरले दीर, म्हणजे वनखात्याच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून सेवानिवृत्त झालेले मोठे भाऊजी, यांचा देह उपयोगात आणला आहे. कारण तो सदैव उपलब्ध असतो, आणि त्याचे क्षेत्रफळ अभ्यासास पुरेसे आहे.

प्रथम कापड ओळखावे. दुकानदार ज्याला ‘प्युअर बांबू’ म्हणून आपल्यापुढे उलगडतो, ते वस्त्र बांबूच्या बनातून सरळ मागावर आलेले नसते. बांबूच्या चिपांचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवितात, कार्बन डायसल्फाइडच्या योगे त्याचा दाट चिकट द्रव करतात, आणि तो द्रव सूक्ष्म छिद्रांतून गंधकाम्लाच्या द्रावणात सोडला म्हणजे त्याचे तंतू आकाराला येतात. ही रीत क्रॉस, बेव्हन आणि बीडल या इंग्रज रसायनज्ञांनी १८९२ साली नोंदविली, आणि तिने तयार होणाऱ्या तंतूला व्हिस्कोस रेयॉन म्हणतात. मग मूळ लगदा देवदाराचा असो, निलगिरीचा असो वा बांबूचा. बांबू कुजवून, कुटून त्याचे अस्सल तंतू काढण्याचीही एक रीत आहे. पण ते कापड खरखरीत आणि महाग, आणि दुकानात जे गुळगुळीत, थंडगार, हातातून निसटणारे कापड मिळते ते हे नव्हे. अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने तर २००९ सालीच काही विक्रेत्यांविरुद्ध कारवाई करून अशा मालाला ‘बांबूपासून केलेले रेयॉन’ म्हणण्याचा दंडक घातला, त्याचे जंतुनाशक गुण सप्रमाण नाहीत असे बजावले, आणि २०२२ साली दोन बड्या दुकानदार कंपन्यांवर मिळून ५५ लक्ष डॉलरांच्या दंडाची पाळी आली. आपल्याकडेही ही गोष्ट नवी नाही. केरळात मावूर येथे चालियार नदीच्या काठी १९६३ पासून रेयॉनसाठी लगदा करण्याचा कारखाना चालू होता, आणि प्रारंभी त्याचा कच्चा माल बांबूच होता. तेव्हा आमच्या सासूबाई ज्या रेयॉनच्या साडीला ‘नकली रेशीम’ म्हणून नाक मुरडीत आणि नाक मुरडूनही नेसत, ती साडी कदाचित वेणुवस्त्रच असेल.

हे सर्व मी भाऊजींना सांगून पाहिले. त्यांची हयात चंद्रपूरच्या बाजूला बांबूचे वाहतूक-परवाने तपासण्यात गेली. १९२७ च्या वन अधिनियमाने बांबूला वृक्षांत गणले होते. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते, परंतु वनस्पतिशास्त्राला सहीशिक्क्याचा अधिकार नाही, असे भाऊजींचे मत. २०१७ साली दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला, तेव्हा घरात सुतक असल्याप्रमाणे वागावे लागले. अशा गृहस्थाने माझे निवेदन शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, “ते अमेरिकेचे झाले. आमचा बांबू वेगळा.” सबब, कापड ओळखल्यावर ती ओळख स्वतःपाशीच ठेवावी, हा या नियमाचा पोटनियम समजावा.

दुसरा नियम : बेतण्यापूर्वी कापड धुवावे. हे कापड आटते, आणि विणीचे असेल तर लांबीत अधिक आटते. म्हणून शिवून झाल्यावर आटण्याची संधी त्याला देऊ नये. ओले झाले की रेयॉनची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, यास्तव सौम्य साबणाच्या थंड पाण्यात बुचकळावे, दाबून पाणी काढावे, पिळू नये, आणि दोरीवर न टांगता जुन्या पंचावर आडवे पसरून सावलीत वाळवावे. टांगल्यास स्वतःच्याच ओल्या वजनाने ते लांबते आणि मग कोणता आकार खरा, याचा निवाडा होत नाही. वाळल्यावर एक रात्र पाटावर किंवा टेबलावर स्वस्थ पडू द्यावे. टोक खाली लोंबू देऊ नये.

आता मापे. या विषयावर छापील पुस्तकांत छाती, कंबर, मुंढा, बाही अशी यादी देऊन लेखक मोकळे होतात. ज्यांनी ही पुस्तके लिहिली, त्यांना थोरले दीर नसावेत. धाकट्या भावाच्या पत्नीने थोरल्या दिराच्या कमरेभोवती टेप धरण्याचा प्रघात आमच्या घराण्यात नाही. म्हणून मी दाराच्या पडद्याआड वही घेऊन बसते, टेप नातवाच्या हाती असते, आणि आकडे स्वतः भाऊजी उच्चारतात. “कंबर ३४,” असे ते खणखणीत आवाजात सांगतात. हा आकडा त्यांच्या लग्नातल्या सुटाचा आहे, आणि सेवापुस्तकात एकदा झालेली नोंद सक्षम अधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय बदलत नाही, त्याच न्यायाने तो आजतागायत अबाधित आहे. नातू टेपकडे पाहतो, आजोबांकडे पाहतो, आणि शाळेत सत्याविषयी जे काही शिकला असेल ते गिळून गप्प बसतो.

येथे नवशिक्याने वाद घालू नये. सांगितलेला आकडा आदरपूर्वक वहीत टिपावा आणि त्यानंतर स्वतंत्र चौकशी आरंभावी. सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे परिधानकर्ता जो सदरा आवडीने, वारंवार आणि तक्रारीविना घालतो तो सदरा. तो पलंगावर सपाट पसरून, बगलेच्या खाली आडवे माप घेऊन त्याची दुप्पट करावी, खांद्याच्या हाडापासून खांद्याच्या हाडापर्यंतचे अंतर पाहावे, आणि जेथे कापड झिजून पारदर्शक झाले असेल तेथे देहाचा दाब अधिक आहे असे समजावे. दुसरा पुरावा जाऊबाईंच्या साक्षीचा. नाडीवर गाठ नेमकी कोठे बसते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? स्वयंपाकघरात फोडणीच्या आवाजाआड त्यांनी मला एकच आकडा सांगितला, आणि मी तो वहीच्या शेवटच्या पानावर, भाऊजींच्या नजरेस पडणार नाही अशा जागी लिहून ठेवला. तो आकडा येथे प्रसिद्ध करणे औचित्यास धरून होणार नाही.

प्रत्यक्ष माप घेण्याचा योग आलाच, तर ते जेवणानंतर घ्यावे. टेप पाहताच प्रत्येक पुरुष श्वास आत घेतो, ही निसर्गदत्त क्रिया आहे; परंतु श्वास रोखून बोलता येत नाही, म्हणून नेमक्या त्या क्षणी पडद्याआडून एखादा प्रश्न टाकावा. ‘भाऊजी, वाहतूक-परवान्याची मुदत संपली तर गाडी कोठे अडवीत असत?’ एवढे पुरते. उत्तर दीर्घ असते, आणि त्याच्या दुसऱ्याच वाक्याला पोट आपल्या स्वाभाविक सीमेवर येते. नातवाने टेप तेथेच धरावी. माप नेहमीच्या कमरेचे न घेता पोटाच्या सर्वांत पुढे आलेल्या रेषेवरून घ्यावे. आणि खांद्यापासून खालच्या काठापर्यंतची उंची पुढून वेगळी, मागून वेगळी मोजावी. या दोन उंचींत जो फरक निघतो, तो पुढच्या भागात लांबी वाढवून भरून काढावा लागतो. नाही तर सदऱ्याचा पुढचा काठ वर चढून बसतो, आणि माणूस सतत तो खाली ओढीत राहतो. बहुतेक तयार कपड्यांत हीच उणीव असते. ती शरीराची उणीव नव्हे, हे मी भाऊजींना सांगितले असते. पण त्यासाठी आधी फरक आहे हे सांगावे लागले असते.

कातरताना कापड एकपदरी पसरावे. विणीच्या कापडाचे ताणले जाणारे अंग देहाभोवती आडवे यावे, उभे नव्हे. कडा गुंडाळू लागल्या, आणि त्या लागतातच, तर भाताच्या पेजेची पातळ खळ करून कडांना लावावी, वाळवून हलकी इस्त्री फिरवावी. कापड शहाण्यासारखे पडून राहते आणि खळ पहिल्या धुण्यात निघून जाते. टाचण्या जेथे शिलाई येणार त्याच्या बाहेरच टोचाव्यात. मी टाचण्यांऐवजी कापडावर वजनादाखल पितळी वाट्या ठेवते.

सुई बोथट टोकाची, ११ नंबरची. घरात असलेली १६ नंबरची जाड सुई वापराल तर विणीचे फासे तुटून शिलाईलगत छिद्रांची रांग उमटेल आणि वर टाके सुटतील. दोरा पॉलिस्टरचा.

शिवण्याविषयी शास्त्रशुद्ध भाषेत बरेच लिहिता येईल. पण खरे सांगू का, हे कापड शिवायचा मला कंटाळा येतो. सरकते. दोन पदर एकावर एक ठेवावेत तर वरचा पुढे जातो, खालचा मागे राहतो, आणि शेवटी एक टोक बोटभर उरते. सुईखालच्या पट्टीचे भोक तर हे कापड गिळायलाच टपलेले असते. त्यावर उपाय म्हणजे खाली कोऱ्या पातळ कागदाची पट्टी धरून तिच्यासकट टीप मारावी आणि मागाहून कागद फाडून काढावा. वर्तमानपत्राचा कागद घेऊ नये, शाई लागते. दाबपट्टीचा वरचा स्क्रू सैल करावा. कापड मागून ओढू नये, पुढून ढकलू नये. यंत्राला नागमोडी टाका येत असेल तर अरुंद नागमोडी घालावा. माझ्या पायमशीनला सरळ टाक्यापलीकडे काही येत नाही, म्हणून मी टीप मारताना शिलाईची रेषा दोन्ही हातांनी किंचित ताणून धरते, म्हणजे अंगात घालताना दोरा तुटत नाही. खांद्याच्या शिलाईत मात्र सुती फीत घालून ती पक्की करावी. न घातल्यास खांदे हळूहळू दंडावर उतरतात.

हे पायमशीन भाऊजींनी आणून दिले. माझ्या लग्नानंतरची पहिली दिवाळी होती, घरात दुसऱ्या कोणाला सुचले नव्हते, आणि सुनेला शिवणाची आवड आहे ही गोष्ट त्यांनी कोणाकडून काढून घेतली हे मला अजून कळलेले नाही. पावती त्यांच्याकडे आहे. दरवर्षी तेल घातले की नाही, याची विचारणा होते.

अंगावर बसवून पाहताना सुरकुत्या वाचाव्यात. कापडावरची ओढ ज्या बिंदूकडे धाव घेते, तेथे वस्त्र तंग आहे. आडवे झोळ पडतात तेथे लांबी फाजील आहे. प्रथम खांदा, मग बगल, मग पोट, हा क्रम मोडू नये, कारण खांदा चुकला असता खालची प्रत्येक दुरुस्ती व्यर्थ होते. परिधानकर्त्यास उभे करून पाहावे, मग खुर्चीत बसवून पाहावे. वस्त्राचे बहुतेक आयुष्य खुर्चीतच जावयाचे असते. त्यानंतर सदरा एक रात्र टांगून ठेवावा आणि तो उतरायचा तेवढा उतरल्यावरच खालची दुमड घालावी. इस्त्री मध्यम, उलट बाजूने, उचलून ठेवीत. घासू नये, चमक येते.

राहता राहिला खिसा. विणीच्या मऊ कापडाला खिसा लावू नये. लावलाच तर मागे सुती अस्तराचा तुकडा द्यावा आणि त्यात हातरुमालाहून जड काही ठेवू नये. या नियमाविरुद्ध भाऊजींनी तोंडी दरखास्त दिली : चष्म्याचे घर, दोन पेने, डायरी, आणि औषधांची पट्टी. मी नकार दिला. त्यांनी जाऊबाईंमार्फत फेरविचाराचा अर्ज केला. अखेर अस्तर दुपदरी करून, खिशाचे वरचे दोन्ही कोपरे फितीने थेट खांद्याच्या शिलाईशी जोडून, एक पेन आणि चष्मा एवढ्यास मंजुरी दिली. डायरीचा प्रश्न तहकूब आहे.

सदरा चांगला झाला. नागपूरच्या मे महिन्यात तो घालून भाऊजी व्हरांड्यात बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बाहीची कड चाचपून पाहायला लावतात. “३४ कंबर,” असे सांगून ते पुढे म्हणतात, “आणि बघा, जराही तंग नाही. बांबूचा हा गुणच आहे.”

धुण्याविषयीचा नियम वर दिलाच आहे : पिळू नये. तो मी कागदावर लिहून न्हाणीघरात लावला. भाऊजी स्वतःचे कपडे स्वतः धुतात, हे त्यांचे आयुष्यभराचे व्रत. आणि पिळल्याखेरीज कापड धुतले गेले असे त्यांची सदसद्विवेकबुद्धी मानीत नाही. ओल्या सदऱ्याचे एक टोक नळाला अडकवून, दुसरे मुठीत धरून ते असा काही पीळ देतात की आतून जाऊबाई ओरडतात, “अहो, जरा जपून!” कागदावर त्यांनी लाल पेनाने शेरा मारला आहे : ‘पाहिले. सुती कपड्यांस लागू.’ दुसऱ्या सदऱ्याचे कापड मी आणून ठेवले आहे. या खेपेला पुढची उंची बोटभर आणखी धरणार आहे.