हवाई चपला झिजवणारा पायलट

राहुरीत हल्ली पायलट दोन प्रकारचे. पहिला ड्रोनवाला. दहावी पास, वय १८ पूर्ण आणि आठवडाभराचं प्रशिक्षण. तेही घराजवळ, महात्मा फुले कृषी विद्यापीठात. प्रमाणपत्र १० वर्षं चालतं. बापाने पाठीवर पंप घेऊन अर्धा दिवस जी फवारणी केली, ती हा बांधावर उभा राहून काही मिनिटांत उरकतो.

दुसरा खरा पायलट, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सवाला. हा घरीच असतो.

त्याचं घर डोळ्यांसमोर आणायला फार कल्पना लढवावी लागत नाही. मुळा धरणाच्या पाटपाण्यावरचा ऊस, नगर-मनमाड रस्त्याकडेची दोन एकर जमीन आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेतलेला मुलगा. जमीन विकली जाते, मुलगा बारामतीला नाहीतर गोंदियाला रवाना होतो. २०० तासांचं उड्डाण, नेव्हिगेशन, हवामान आणि नियमांचे पेपर, वायरलेसवर बोलायचं वेगळं लायसन्स आणि क्लास वन मेडिकल. आडसाली ऊस तुटून खोडवा निघेपर्यंत हे चालतं. खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो, पुष्कळदा ते घरही ओलांडतो.

मग चौकात फ्लेक्स लागतो. पुढे गॉगल लावलेला मुलगा, मागे एअरबस, वरच्या कोपऱ्यात नेतेमंडळी. यातल्या नेत्यांशी त्याची ओळख असू शकते, एअरबसशी नसते. त्याने उडवलेलं असतं चार आसनांचं सेसना. एअरबस ए३२० साठी टाइप रेटिंग निराळं, त्याचे लाखो रुपये निराळे. ट्रॅक्टर शिकून झाला, आता हार्वेस्टरसाठी दुसरा तुकडा विकायचा.

पारावरची मंडळी मात्र पेपर वाचणारी. ‘‘अरे, एअर इंडियाने ४७० विमानं मागवली, इंडिगोने ५००. तुला एक देईनात व्हय?’’ आकडे बरोबर आहेत, दोन्ही २०२३ चे. देशाला पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ३० हजार वैमानिक लागतील, असं केंद्रीय मंत्रीही सांगतात. डिसेंबर २०२५ मध्ये तर कमालच झाली. वैमानिकांना आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास विश्रांती द्या, असा नियम त्याच वर्षी आधी लागू झाला होता. अशा नव्या नियमांपुढे इंडिगोचं वेळापत्रक असं कोलमडलं की हजारो उड्डाणं रद्द झाली. विमानतळांवर बॅगांचे ढीग, टीव्हीवर वैमानिक कमी पडल्याची चर्चा. आणि ती चर्चा राहुरीत सोफ्यावर बसून पाहणारा एक वैमानिक.

हे कोडं सुटायला सोपं आहे. तुटवडा मुख्यतः कॅप्टनचा आहे आणि त्या खुर्चीच्या लायसन्सला १५०० तास लागतात. कारखान्याला ऊस कमी पडला म्हणून कोणी कोंभ आणून गव्हाणीत टाकत नाही. नव्या पोरांसाठी असते शेजारची, को-पायलटची खुर्ची. तिथे कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजनांतली मुलं आधी बसतात, आणि त्यांतल्या काही योजनांचा खर्च कोटीपार जातो. मागवलेली विमानंही एका रात्रीत येत नाहीत, वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्याने येतात. मधेच एखादी कंपनी बसते. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट, २०२३ मध्ये गो फर्स्ट. प्रत्येक वेळी हजारो तास उडवलेले वैमानिक रांगेत पुढे उभे राहिले आणि २०० तासवाले मागे सरकले.

२०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतलं पहिलं विमान उडालं, तेव्हा हवाई चप्पल घालणाराही विमानात दिसावा, असं स्वप्न दाखवलं गेलं. स्वप्न निम्मं खरं झालं. विमान उडवू शकणारा माणूस हवाई चपला झिजवताना दिसतो आहे. त्याच वर्षी काकडी गावात शिर्डीचं विमानतळ सुरू झालं. बाहेरगावचे पाहुणे तिथे उतरले की त्यांना आणायला हाच जातो. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे चुकवताना त्याचं कौशल्य पाहून पाहुणे म्हणतात, ‘‘छान चालवतोस रे!’’

बेकारीलाही खर्च असतो. मेडिकल दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची परीक्षा दरवर्षी, आणि हात बसलेला राहावा म्हणून मधूनमधून भाड्याच्या विमानात पैसे भरून उड्डाण. नोकरी नसलेल्या शिक्षकाला दरसाल डी.एड. पुन्हा करावं लागत नाही, एवढा तरी दिलासा त्याला आहे. गोव्यात मात्र मोटरसायकलवर भाडं मारणाऱ्यालाही पायलटच म्हणतात, आणि त्याला पहिल्याच दिवशी प्रवासी मिळतो.

एक निकालही लागला आहे. विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत ३५ संस्था होत्या. ए प्लस शून्य, ए शून्य, बी १३ आणि सी २२. मुलाने असं प्रगतिपुस्तक घरी आणलं असतं, तर बापाने पायातली चप्पल हातात घेतली असती. इथे तोच बाप चेक लिहितो.

तेव्हा रस्त्याकडेची जमीन दाखवायला एजंट आणण्याआधी राहुरीच्या पालकांनी फ्लाइंग स्कूलच्या ऑफिसात एकच प्रश्न विचारावा: गेल्या दोन बॅचची किती मुलं आज कॉकपिटमध्ये पगारावर बसली आहेत? उत्तर तोंडी घेऊ नये. लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह मागावं.