लाल कॅलिपरच्या कलावंतास

श्री. रंगारीसाहेब,


तुमच्याकडून 2004 सालची झेन घेतली, तेव्हा पुढच्या अलॉय व्हीलमधून लालभडक कॅलिपर डोकावत होते. "ब्रेकचं सगळं काम केलंय," हे तुम्ही छातीठोकपणे सांगितलंत. गाडीचा जन्म मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात गेलेला, तरी गंजाचा ठिपका नाही! काय ती जादू!

पुढे उजवं चाक तापू लागलं. स्टीअरिंग जरा सैल सोडलं की गाडी उजवीकडे, म्हणजे थेट समोरून येणाऱ्या एसटीकडे निघायची. चाक काढलं. आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला, बाहेरचा जवळजवळ कोरा. कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या दोन्ही पिना जाम, आणि त्यांच्या रबरी बुटांवरही तुमचा लाल हात फिरलेला. ब्रेक ऑइल सोडायचा निपल तर इतका लिंपलेला की पाना कुठे लावायचा ते चाचपून शोधावं लागलं. अखेर तो सुटला, ब्रेक ऑइल ओघळलं आणि तुमची कला फडक्याच्या एका फटक्यात निघून आली. ब्रेक ऑइल रंग खातं, साहेब.

पिस्टन हट्टी निघाला. समोर लाकडाचा तुकडा धरून कॉम्प्रेसरची हवा हळूहळू सोडली, तेव्हा कुठे बाहेर आला. बुटाखालचं क्रोम पापुद्रे धरून सुटलेलं, त्याखाली खड्डे. असा पिस्टन घासून उपयोग नाही, बदलावाच लागतो. सिलिंडरच्या तळाशी तपकिरी चिखल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दोनेक वर्षांनी बदलायचं. हे बहुधा शोरूममधून निघालेलंच असावं. आत चौकोनी काटछेदाचं रबरी सील असतं. ब्रेक सोडला की पिस्टनला केसभर मागे घेतं ते हेच, तिथे वेगळी स्प्रिंग नसते. त्याच्या खाचेत गंज साठला, की सील पिस्टनला आवळून बसतं आणि पॅड डिस्कवर घासत राहतो. ती खाच बाहेरून दिसत नाही. तुमच्या दृष्टीने विषय तिथेच संपला असणार.

आता वायर ब्रश, ब्रेक क्लीनर, सीलचं नवं किट, नवा पिस्टन. पिनांना सिलिकॉन ग्रीस. साध्या ग्रीसने ब्रेकचं रबर फुगतं. आणि हो, रंग मीही देणार आहे. उघडं बीड गंजणारच. पण काळा, उष्णता सोसणारा, सगळ्यात शेवटी. सिलिंडरचं तोंड, पिनांची भोकं आणि पॅड बसायच्या जागा चिकटपट्टीने झाकून. फोटो काढावा असं त्यात काही नसेल, क्षमस्व.

डावा कॅलिपर अजून उघडायचा आहे. "सगळं काम" तिथेही झालेलंच असेल. रविवारी सवड असेल तर या. पाना मी देतो.

आपला,
झेनचा सध्याचा मालक