तीन भोकं इकडे, चार तिकडे

सकाळी शिपणं लावायला वाडीत गेले, तर काकू गडग्यापाशी आधीच हजर. हातात गळलेल्या सुपाऱ्यांची टोपली, पण नजर सगळी नानांच्या जुन्या गोठ्याकडे.

"विकली का गो?"

"कोण? गाय?"

"गाय जाऊन पंधरा वर्षं झाली. ब्युईक विचारतेय मी!"

गोठ्यात गाय होती तेव्हासुद्धा गाडीची जागा तिच्यापेक्षा मोठी होती, हे पाखाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. काळी कुळकुळीत, पुढे दात विचकल्यासारखी उभ्या पट्ट्यांची जाळी. नानांच्या वडिलांनी मुंबईच्या कुणा शेठाकडून सेकंडहँड घेतलेली. तेव्हा शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता, 1928 ला सुरू झालेला, 1954 ला बंद पडला. ही तिथेच जोडलेली, असं नाना सांगतात. कागद मात्र एवढंच बोलतात: ब्युईक, 1948.

"परवा मुंबईहून गिऱ्हाईक आलं होतं ना? मी दळण टाकायला गेले आणि तेवढ्यात सगळं झालं."

काकूंचं दुःख मला कळलं. मी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तिथेच होते. आमच्या ह्यांनी तीस वर्षं मुंबईत गॅरेजमध्ये काढलेली, म्हणून नानांनी त्यांना बोलावून घेतलं, आणि कोकम सरबत घेऊन मी गेले. एकदा गेले ती परत कशाला येते!

तो माणूस सकाळच्या रो-रोनं भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला उतरून आलेला. वागायला गोड. पण खिशातून काढलं काय, तर रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक! दारं, मडगार्ड, डिकी, सगळीकडे ते चिकटवून बघत फिरला. गंजलेला पत्रा खाऊन गेला की गॅरेजवाले तिथे लांबी भरतात आणि वरून रंग मारतात. दिसायला गुळगुळीत, पण लांबीला चुंबक चिकटत नाही. नाना तोंड आवळून उभे. आणि काकू, खरं सांगते, चुंबक एका ठिकाणी सुटून पडेल तर शपथ!

"चौलात? ह्या खाऱ्या हवेत? माझ्या खिडकीचे गज दोनदा बदलले मी."

"तुम्ही गजांना ऑइल चोपडता का?"

नाना चोपडतात. आगोटीची कामं निघाली की आपण पापड-कुरडया वाळवतो, आणि नाना गाडीखाली पोतं घालून आडवे होतात, बुडाला जुनं इंजिन ऑइल फासतात. तो वास चार दिवस ओटीपर्यंत येतो. काकूंनी त्यावरून एकदा भांडणही काढलेलं. मग चाकांखाली लाकडी ठोकळे, बॅटरी काढून घरात. अंगावर जुन्या लुगड्यांची गोधडी, प्लास्टिक अजिबात नाही, कारण प्लास्टिकखाली पत्र्याला घाम सुटतो. निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, आमच्या एकवीस पोफळी आडव्या झाल्या. नानांच्या गोठ्याची कौलं उडाली, पण एक पोफळ गाडीवर पडली नाही. त्या दिवशी ते रामेश्वराला नारळ ठेवून आले, घर वाचलं म्हणून की गाडी वाचली म्हणून, ते विचारायची सोय नव्हती.

"चालू केली का?"

हीच तर गंमत! गिऱ्हाईक बटण शोधत बसलं. नाना म्हणाले, किल्ली फिरवा आणि ॲक्सिलरेटर दाबा. त्या काळच्या ब्युईकचा स्टार्टर त्या पायातच असतो. बॅटरीसुद्धा सहा व्होल्टची. दोनदा कुरकुरली आणि लागली. एका ओळीत आठ सिलिंडर, म्हणून नाक एवढं लांब. बॉनेट डाव्या बाजूनं उघडलं, मग बंद करून उजव्या बाजूनं उघडून दाखवलं. दोन्हीकडून उघडतं ते. नानांनी चालू इंजिनाच्या झाकणावर सोललेली सुपारी ठेवली. जागची हलली नाही.

"मग अडलं कुठे?"

"भोकांवर."

पुढच्या मडगार्डांना ती गोल भोकं आहेत ना, मागे दत्ताच्या यात्रेला भोवाळ्यात गाडी उभी होती तेव्हा पोरं बोटं घालत होती, तीच.

"हो हो, तीन आहेत. माझ्याकडनं रोज दिसतात."

"चार आहेत, काकू. रस्त्याच्या बाजूनं."

काकूंनी टोपली गडग्यावर ठेवली.

ब्युईकला भोकं आली 1949 पासून. चार असली तर रोडमास्टर, सगळ्यात महागडी, आणि तीन असली तर खालची. कागद 1948 चे, म्हणजे एकही नको. नानांनी खरं ते सांगून टाकलं. वडिलांना गाडी नव्या मॉडेलची दिसायला हवी होती, आत्याचं लग्न होतं. रेवदंड्याचा लोहार आणला, त्यानं उजवीकडे चार पाडली. डावीकडे तीन झाली आणि वऱ्हाड निघायची वेळ झाली.

"अगोबाई! आणि इतकी वर्षं कुणी मोजली नाहीत?"

"एका वेळी दोन्ही बाजू कुणाला दिसतात?"

ह्यांनी नानांची बाजू घेतली. म्हणाले, ब्युईकचाच एक डिझायनर, नेड निकल्स, त्यानं कंपनीच्या आधी स्वतःच्या गाडीला भोकं पाडून आत दिवे बसवले होते. खोड मूळ घरचीच आहे. पण गिऱ्हाईकाला काळजी नंबराची. 2021 च्या नियमानं पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, फी वीस हजार, नंबरात 'व्हीए' अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, मोठा फेरबदल नको. सात भोकं म्हणजे मोठा फेरबदल की छोटा, ह्यावर दोघांचा अर्धा तास गेला, सरबत गरम झालं.

"आणि त्या नंबरावर रोज फिरवता येते?"

"नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच."

"म्हणजे रेवदंड्याहून मासळी आणायची नाही!" काकूंना तो कायदाच पटला नाही.

पुढे ह्यांनी आपलं आवडतं पुराण लावलं. 1908 ला 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची रोल्स रॉईस मुंबई–कोल्हापूरच्या शर्यतीत उतरवली होती, घाट चढवत सहाशे वीस मैल, आणि जिंकल्यावर ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. गाडी विकायची तर आधी सह्याद्री चढवून दाखवायची, असा काळ! आणि कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची मेबॅक अजून दसऱ्याला निघते. नाना एवढंच म्हणाले, "ती विकली नाही म्हणून निघते."

गिऱ्हाईक हुशार. म्हणालं, भाव कबूल, सातही भोकं पत्रा लावून बुजवतो, रंगात दिसणार नाहीत, रो-रोवरून परवाच नेतो. नानांनी बॉनेट खाली घेतलं. म्हणाले, लाटांचे तुषार अंगावर घेत माझी गाडी जाणार नाही. गेली तर वडखळवरून जाईल. भोकांबद्दल चकार शब्द नाही. माणूस विचार करून कळवतो म्हणून गेला.

"म्हणजे नानांना विकायचीच नाही."

"विकायचीय हो. मुलगा पुण्याला, गुडघे गेलेत, बुडाखाली आता शिरवत नाही. यंदा ऑइल आमच्या ह्यांनी फासलं."

"मग पुढे काय म्हणाले?"

"माणसाची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी ह्यांना म्हणाले, अरे, उद्या येताना छिन्नी घेऊन ये. डावीकडचं चौथं राहिलंय."