दुसऱ्या पिझ्झाची मीमांसा

टोकियोत घरपोच पिझ्झा विकणाऱ्या दुकानांचा व्यवहार ज्या नियमावर उभा आहे तो असा : पिझ्झा दुकानाने घरी आणून दिला तर एकाचे पैसे पडतात आणि गिऱ्हाईकाने स्वतः दुकानात जाऊन नेला तर तेवढ्याच पैशांत दोन मिळतात. या दुसऱ्या प्रकाराला तेथे ‘मोचिकाएरी’ म्हणतात, म्हणजे माल आपल्या हाताने घरी नेणे. आणि त्याची घोषणा करणाऱ्या रंगीत जाहिरातपत्रकांना ‘चिराशी’ म्हणतात, जी पत्रपेटीत इतक्या निष्ठेने येऊन पडतात की नव्या भाडेकरूची त्यांच्याशी ओळख पहिल्या वीजबिलाच्या आधीच होते. काही दुकाने दुसरा पिझ्झा फुकट देण्याऐवजी पहिल्याचीच किंमत निम्मी करतात; हिशेब तोच राहतो, एकट्या माणसाचे पोट तेवढे वाचते. हा नियम वाचून स्थानिक गिऱ्हाईक विचलित होत नाही, परंतु निशि-कासाईत राहणारा मराठी संगणक अभियंता ताबडतोब आकडेमोडीस बसतो. प्रस्तुत विवेचन या अभियंत्याच्या बाजूने केलेले आहे, कारण त्याचा संशय रास्त आहे.

मोठ्या आकाराचा, म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर व्यासाचा पिझ्झा घरपोच मागवल्यास साडेतीन ते चार हजार येन पडतात, आणि रुपयांत सांगायचे तर हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. (परदेशस्थ मराठी माणूस तो रुपयांतच सांगतो, तिथे दहा वर्षे काढली, मुले तिथल्या शाळेत गेली, तरी सांगतो.) विवेचनाच्या सोयीसाठी ही किंमत ३६०० येन धरली, तर मोचिकाएरीच्या न्यायाने पिझ्झाची किंमत १८०० येन ठरते, आणि उरलेले १८०० येन दुकानापासून दारापर्यंतच्या रस्त्याचे ठरतात. दोन पिझ्झे घरी मागवले तर रस्त्याचे ३६०० होतात, कारण एकाच डब्यातून, एकाच फेरीत, एकाच वेळी आलेल्या दोन पिझ्झांनी तोच रस्ता दोनदा तुडवला असे मानण्याची तेथे प्रथा आहे.

येथे टॅक्सीचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते. टोकियोच्या तेवीस प्रभागांत नोव्हेंबर २०२२ पासून टॅक्सीचे भाडे पहिल्या १०९६ मीटरना ५०० येन आणि त्यापुढे दर २५५ मीटरना १०० येन असे आहे, म्हणजे दीड किलोमीटरवरच्या दुकानापर्यंत जायला ७०० येन, यायला ७०० येन, मिळून १४००, आणि वाटेत सिग्नल फार लागले तर थोडे अधिक. याचा अर्थ, किलोभर वजनाचा एक पिझ्झा घरी पोहोचण्यास जेथे १८०० येन लागतात, तेथे सत्तर किलो वजनाचा एक अभियंता जाऊन पिझ्झासह परत येण्यास १४०० येन लागतात. या टॅक्सीचा दरवाजा आपोआप उघडतो, आसनावर शुभ्र अभ्रा असतो, चालक बहुधा हातमोजे घातलेला असतो आणि उतरताना आभार मानतो. उलटपक्षी पिझ्झा ज्या वाहनातून येतो ते छप्पर असलेले तीनचाकी स्कूटर असते, आणि ते चालवणारा पुष्कळदा कॉलेजचा विद्यार्थी असतो, ज्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झालेल्या टोकियोच्या किमान वेतनाप्रमाणे ताशी ११६३ येन मिळावेत अशी अपेक्षा होती; त्याने त्या एका पिझ्झासाठी पूर्ण अर्धा तास वाहिला असे मानले तरी त्याच्या वाट्याला तेव्हा सहाशे येनही येत नव्हते. बक्षिसी देण्याची पद्धत जपानात नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटतो. उरलेले बाराशे येन जर पेट्रोलवर खर्च होत असतील, तर ते स्कूटर दीड किलोमीटर अंतर कापण्यासाठी फुजी पर्वताला वळसा घालून येत असले पाहिजे, आणि तसे असेल तर पिझ्झा गरम कसा राहतो याचे कुतूहल वाटल्याशिवाय राहत नाही.

अर्थात टॅक्सीने पिझ्झा आणायला कोणी जात नाही, कारण मोचिकाएरी करणाऱ्या वर्गाची टॅक्सीत बसण्याची मानसिक तयारी नसते. हा वर्ग सायकलने जातो. टोकियोतील घरगुती सायकलीला पुढे जाळीची टोपली असते, जी भाजीच्या जुड्या आणि दुधाची खोकी यांच्या मापाने घडवलेली आहे. पिझ्झाचे मोठे खोके तीत आडवे बसत नाही, तिरके बसते, आणि तिरक्या बसलेल्या खोक्यातील चीज पहिल्या चढावापर्यंत एका कडेला जमा होऊन उर्वरित पिझ्झाला केवळ भाकरीचे रूप येते. म्हणून अनुभवी गिऱ्हाईक सायकल घरी ठेवून पायी जाते आणि एकावर एक ठेवलेली दोन खोकी दोन्ही हातांवर आरतीच्या ताटासारखी समोर धरून परतते. पाऊस नसेल तर ही पद्धत निर्दोष आहे. पाऊस असेल तर छत्रीसाठी तिसरा हात लागतो, जो उपलब्ध नसतो. छत्री धरून सायकल चालवण्यास मनाई असून त्याबद्दल दंड होतो. आणि जूनमध्ये सुरू होणारा तेथील पावसाळा आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. दुकान लांब असेल तर लोकल रेल्वेचा पर्याय उरतो, परंतु जेथे डब्यात फोनवर बोलणेही असभ्य समजले जाते, तेथे मेयोनेझ, मका आणि तेरियाकी कोंबडी यांचा संमिश्र दरवळ घेऊन संध्याकाळी सातच्या गर्दीत उभे राहण्यासाठी जे धैर्य लागते ते अठराशे येनांत येत नाही. तेरियाकी म्हणजे सोया सॉस आणि साखर यांच्या गोडसर लेपात परतण्याची पद्धत. ती भातावर उत्तम लागते. पिझ्झावर ती कोणी व का घातली याचा शोध घेण्याचे हे स्थळ नव्हे, मात्र मेयोनेझची नक्षी काढून वर मक्याचे दाणे पेरणाऱ्याने निदान त्यातील एक गोष्ट वगळायला हरकत नव्हती.

दुसरा पिझ्झा घरी पोहोचल्यावर काय होते, याकडे चिराशी लिहिणाऱ्यांनी संपूर्ण दुर्लक्ष केलेले दिसते. एकट्याने राहणाऱ्या माणसाची खोली तेथे पुष्कळदा वीस चौरस मीटरची असते आणि तिच्यातला फ्रिज कमरेइतका असतो, ज्यात ३५ सेंटिमीटरचे खोके कोणत्याही कोनातून जात नाही. खोके तेलकट असल्याने पुठ्ठ्याच्या रद्दीत चालत नाही. ते जाळण्याच्या कचऱ्यात द्यावे लागते, आणि तो कचरा ठरलेल्या वारीच उचलला जातो. तोवर ती दोन खोकी खोलीतला सर्वांत मोठा सपाट पृष्ठभाग म्हणून नांदतात आणि त्यांच्यावर पुस्तके, चार्जर, प्रसंगी लॅपटॉप असे सामान साठत जाते. शाकाहारी माणसाची अडचण आणखी निराळी आहे. सर्वांत लोकप्रिय पिझ्झा चार चतकोरांचा असतो, म्हणजे एकाच वर्तुळाच्या चार भागांत चार निरनिराळ्या चवी असतात, आणि या चारांपैकी कोळंबी, बेकन व कोंबडी यांनी तीन भाग व्यापल्यावर उरलेला एक चतकोर शाकाहाऱ्याच्या वाट्याला येतो. म्हणजे दोन पिझ्झे उचलून आणल्यावर त्याचे जेवण अर्ध्या पिझ्झाचे होते आणि दीड पिझ्झा तो सहकाऱ्यांना वाटतो, जे त्याबद्दल पुढील दोन दिवस वाकून आभार मानतात व त्याने आणखी आणावा अशी वाट पाहतात.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की चांगला पिझ्झा खायचा तर घरपोच दुकानांच्या नादी लागावेच कशाला, भट्टीसमोर बसून खावा. आक्षेप बरोबर आहे. लाकडाच्या भट्टीवर नेपल्सच्या पद्धतीने केलेला पिझ्झा टोकियोत इतका उत्तम मिळतो की ज्याने नाकामेगुरो किंवा आझाबु-जुबानमध्ये तो खाल्ला त्याने ‘परदेशात चांगला पिझ्झा मिळत नाही’ ही तक्रार कायमची मागे घ्यावी. तेथील कारागीर तर पिझ्झा आत सरकवण्यापूर्वी भट्टीच्या तळावर चिमूटभर मीठ टाकतात, जे कडेच्या खालच्या बाजूला लागून येते आणि पहिल्या घासालाच कळते. नेपल्सचा पिझ्झा कसा असावा हे युरोपात २०१० पासून कायद्याच्या भाषेत लिहून ठेवलेले आहे : व्यास ३५ सेंटिमीटरपर्यंत, कड एक ते दोन सेंटिमीटर फुगलेली, भट्टीचे तापमान ४८५ अंश सेल्सिअस, भाजण्याचा वेळ ६० ते ९० सेकंद, आणि भट्टीतून निघाल्याबरोबर तो शक्यतो त्याच जागी खावा. परंतु जपानच्या करव्यवस्थेचे मत याच्या नेमके उलट आहे. ऑक्टोबर २०१९ पासून तेथे उपभोग कर, म्हणजे खरेदीच्या वेळी गिऱ्हाईकाकडून घेतला जाणारा कर, दुकानात बसून खाल्ल्यास १० टक्के आणि घरी नेऊन किंवा मागवून खाल्ल्यास ८ टक्के आहे. नव्वद सेकंदांत भाजलेला पिझ्झा भट्टीपासून चार हातांवर गरमागरम खाणारा तेथे चैनी ठरतो आणि दीड किलोमीटर पावसातून गार करून आणणारा सवलतीस पात्र होतो. शिवाय बसून खाणाऱ्याने पुष्कळ ठिकाणी प्रत्येकी एक पेय घेणे बंधनकारक असते, आणि साधा मार्गेरिता, ज्यात टोमॅटो, मोझरेला चीज व तुळशीच्या कुळातली पाच पाने याखेरीज काही नसते, पेयासह अडीच हजार येनांच्या घरात जातो. दोन माणसे, दोन मुले असा हिशेब मांडल्यावर कुटुंबप्रमुख नाकामेगुरोचे नाव काढणे बंद करतो आणि पत्रपेटी उघडतो.

आणि पत्रपेटीत जे सापडते त्याविषयी आता स्पष्ट बोलणे भाग आहे. ३६०० हा आकडा पिझ्झाची किंमत नाहीच. ती कोणीही शहाण्या माणसाने देऊ नये म्हणूनच छापलेली आहे, जेणेकरून तिच्यावर तांबडी फुली मारता यावी आणि फुलीशेजारी मोठा आनंददायक आकडा लिहिता यावा. लक्ष्मी रस्त्यावरच्या मान्सून सेलमध्ये वाढलेल्या मराठी माणसाला ही विद्या बालपणापासून अवगत असते. साडीच्या चिठ्ठीवरची किंमत आदल्या आठवड्यात किती होती हे त्याची आई न विसरता सांगू शकत असे. प्रश्न असा आहे की फुली मारलेली किंमत प्रत्यक्षात देतो कोण, कारण देणारा कोणीच नसता तर हा खेळ चालला नसता. ती देते पंधरा दिवसांच्या बाळाला कुशीत घेऊन बसलेली आई. ती देतो घोटा मुरगळलेला, तापाने फणफणलेला, रात्रपाळी करून आलेला माणूस. ती देते चौथ्या मजल्यावर उद्वाहकाविना एकटी राहणारी वृद्ध बाई, जिला दोन पिझ्झे नको असतात, एकही धड संपत नाही, पण नातवंडे आली म्हणून हवा असतो. आणि ती देतो परवाच उतरलेला परदेशी विद्यार्थी, ज्याला चिराशीवरची लिपी वाचता येत नाही आणि म्हणून सवलत कुठे लिहिली आहे हेच कळत नाही. वाचता येऊ लागल्यावर त्याला तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेले ‘इतर सवलतींबरोबर एकत्र लागू नाही’ हे वाक्य दिसते. ज्यांचे पाय धड आहेत, ज्यांना वेळ आहे, ज्यांना भाषा येते त्यांचा दुसरा पिझ्झा या लोकांच्या पैशांतून फुकट होतो, आणि त्यावर ‘भेट’ असे छापण्याची लाज वाटत नाही. आजारी माणसाकडून दुप्पट घेऊन धडधाकटाला निम्म्यात देणाऱ्या औषधाच्या दुकानावर लोक दगड मारतील. पिझ्झाच्या दुकानासमोर ते रांग लावतात, तीही नीट, एकमेकांत अंतर राखून. पोहोचवण्याचे पैसे घ्यावेत, जरूर घ्यावेत, पाचशे घ्यावेत, सहाशे घ्यावेत, त्या स्कूटरवाल्या मुलाच्या हाती पडणार असतील तर आठशे घ्यावेत. पण मग पावतीवर तसे लिहावे, आणि पिझ्झा अठराशेचा आहे हेही लिहावे. तेवढ्या एका ओळीसाठी चिराशीत जागा नसेल तर मक्याच्या दाण्याचे चित्र थोडे लहान करता येईल.

असे लिहिले जाण्याची शक्यता नसल्याने निशि-कासाईतील सुज्ञ कुटुंबांनी तिसरा मार्ग धरला आहे. सुपरमार्केटच्या शीतकपाटात वीतभर व्यासाचा तयार पिझ्झा तीनचारशे येनांत मिळतो, आणि संध्याकाळी दुकानाचा कर्मचारी उरलेल्या मालावर निम्म्या किमतीचे स्टिकर लावत फिरतो, त्या वेळी टोफूच्या पाकिटावरचे घटक अकारण वाचत उभे असलेले पुरुष बहुधा पिझ्झासाठीच थांबलेले असतात. हा पिझ्झा घरी भाजायचा कशात, हा प्रश्न उरतो, कारण भाड्याच्या घरात मोठी भट्टी नसते. परंतु गॅसच्या शेगडीखाली एक सरकता खण असतो, ज्यात वरून ज्योत येते आणि पिझ्झा सहा-सात मिनिटांत कडेला करपून मधोमध उकळू लागतो. हा खण मासे भाजण्यासाठी असतो. शाकाहारी घरात त्यावरून पहिला आठवडा कडाक्याचे भांडण होते, दुसऱ्या आठवड्यात तो खाण्याचा सोडा लावून तीनदा घासला जातो, आणि महिना संपण्यापूर्वी त्यात पापड, वांगी आणि उरलेल्या पोळ्यांचे खाकरेही भाजून निघू लागतात.