काचेवरचा नाका

रस्ता आधी झाला की जकातदार आधी आला, या प्रश्नाचा निकाल इतिहासकारांनी अद्याप लावलेला नसला, तरी कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ चाळणाऱ्या मनुष्यास जकातदाराचेच पारडे जड वाटेल. शुल्काध्यक्ष नामक अधिकाऱ्याने नगरद्वारापाशी शुल्कशाळा बांधावी, तिच्यावर ध्वज उभारावा, तेथे चार-पाच वसूलदार बसवावेत आणि आलेला माल कोणाचा, कोठला, किती व त्याच्यावर पहिली मुद्रा कोठे उमटली हे सारे त्यांनी टिपून घ्यावे, अशी तजवीज त्या ग्रंथात आहे; आणि ज्याच्या मालावर मुद्राच नाही त्याच्याकडून दुप्पट वसूल करावे, हे कलमही तेथेच आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा केला आणि ज्याच्या काचेवर तो नसेल त्याच्याकडून दुप्पट टोल घेण्याचा हुकूम काढला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यास तंत्रज्ञानाची झेप म्हटले. झेप होती हे आम्हांस मान्य आहे. ती पाटलीपुत्राच्या दिशेने होती, इतकीच आमची पुरवणी. कौटिल्यास मोबाइल ठाऊक नसल्याने त्याच्या ग्रंथात एक उणीव मात्र राहून गेली होती. मुद्रेवाचून आलेल्याने रोकडीऐवजी यूपीआयने पैसे दिल्यास त्याच्याकडून सव्वापटच घ्यावे, या कलमाने ती उणीव १५ नोव्हेंबर २०२५ पासून भरून निघाली. खोटी मुद्रा उमटवणाऱ्यास तो आठपट दंड करी, हे आम्ही येथे हळू आवाजात लिहीत आहोत, कारण दिल्लीत अद्याप कोणास ते आठवलेले दिसत नाही.

आता प्रत्यक्ष मुद्रेकडे वळू. मोटारीच्या वाट्यास आलेला हा जांभळा तुकडा हातात घेतला तर त्यात काही विशेष असेल असे वाटत नाही. परंतु त्याच्या पोटात एक चपटी अँटेना आणि तिला जोडलेली तिळाएवढी चिप असते. बॅटरी नसते. नाक्याच्या छपरावरील रीडर रेडिओलहरी सोडतो, त्या लहरींच्याच बळावर चिप क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा निजते. पुढे कोणाच्या खात्यातून किती रुपये उचलायचे याचा निवाडा बँका परस्पर करतात. विचारल्याखेरीज बोलायचे नाही, बोललेच तर केवळ क्रमांक बोलायचा आणि परिणामांची जबाबदारी वरिष्ठांवर सोडून स्वस्थ पडायचे, ही सेवाशर्त इतक्या काटेकोरपणे पाळणारा दुसरा नोकर सरकारदरबारी आमच्या पाहण्यात नाही, आणि यास निवृत्तिवेतनही द्यावे लागत नाही.

या नोकरास रुजू करून घेण्याचा विधी आम्ही आमच्याच इमारतीच्या आवारात साद्यंत पाहिला. तिसऱ्या मजल्यावरील अण्णा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांची मोटार जुनी, परंतु दप्तर तिच्याहूनही जुने. ज्या पेमेंट्स बँकेचा टॅग त्यांच्या काचेवर होता तिच्यावर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि १५ मार्च २०२४ नंतर त्या टॅगात पैसे भरता येईनात, तेव्हा देशभरातील लक्षावधी वाहनधारकांप्रमाणे अण्णांनीही ब्लेड घेऊन जुना टॅग खरवडला व दुसऱ्या बँकेचा मागवला. तो लावण्यास पाठीवर सॅक घेतलेला एक पोरगा आला. त्याला वाटले, दोन मिनिटांचे काम आहे.

“काका, आरशाच्या मागं लावतो. मधोमध.”

“मध्य कोणी काढला?” अण्णांनी विचारले, आणि वर जाऊन ते टेप घेऊन आले.

मध्य काढणे सोपे नव्हते, कारण त्या काचेवर मोकळी जमीन अशी उरलीच नव्हती. डाव्या कोपऱ्यात सोसायटीच्या पार्किंगचे तीन निरनिराळ्या वर्षांचे स्टिकर, उजव्या कोपऱ्यात चिरंजीवांनी केव्हाच सोडलेल्या कंपनीचा प्रवेशपरवाना, वरच्या कडेस देवस्थानाचे नाव, आणि ऐन मध्यावर, आरशास लोंबकळणारा, गणपती. पोऱ्याने गणपतीच्या दोरीस हात लावताच गॅलरीतून वहिनींचा आवाज आला, “देवाला हलवू नकोस हो! सरकारला लाव की बाजूला.” अखेर सरकार देवाच्या किंचित वर आणि आरशाच्या बरोबर मागे बसवावे, अशी तडजोड झाली. पोऱ्याने खिशातल्या रुमालाने काच पुसली. अण्णांनी ती स्पिरिटने पुन्हा पुसवून घेतली. मग त्याने मागचा कागद सोलला, टॅग चिकटवला आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाबत नेला.

“आता निघायचा नाही बघा, काका. ओढून काढलात तर तुटतो, मग चालत नाही.”

“म्हणजे एकदम कायम नेमणूक,” अण्णा आमच्याकडे वळून म्हणाले. “आमच्या वेळी पहिले सहा महिने हंगामी असायची.”

टॅग लागला म्हणून काम संपले, असे समजणारा मनुष्य या देशात नवखा म्हणावा लागेल. आधी ओटीपी, मग आरसी बुकाच्या दोन्ही बाजू, आणि पुढे, वाहनाची ओळख पटवण्याचा नवा नियम आला तेव्हा, खुद्द मोटारीचे फोटो: एक समोरून, त्यात नंबरप्लेट व काचेवरचा टॅग दोन्ही दिसले पाहिजेत, एक बाजूने, त्यात चाके दिसली पाहिजेत. पूर्वी मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलीस जरा चालून दाखव म्हणत, त्या चालीवर अण्णांनी दोन वेळा धुतलेली आपली मोटार उन्हात उभी करून तिची सर्वांगे टिपली; आणि उत्तर आले की, टॅग स्पष्ट दिसत नाही. काचेवर समोरच्या इमारतीचे प्रतिबिंब पडले होते. कालांतराने बाजूच्या फोटोची अट मोटारींपुरती माफ झाली आणि १ फेब्रुवारी २०२६ पासून मोटारींच्या नव्या टॅगांसाठी ही चौकशीच काढून टाकण्यात आली. अण्णांनी तोवर काढलेले सर्व फोटो छापून, त्यांस पान क्रमांक घालून फाइल केलेले असल्याने या सवलतीचे त्यांना सुख झाले नाही.

आमचे म्हणणे इतकेच आहे की, पूर्वी नाका आपल्या ठिकाणी असे आणि आपण आपल्या घरी असू. खेड-शिवापूरला वा खालापूरला जो काही खोळंबा, जी काही सुट्या पैशांवरून हमरीतुमरी व्हायची ती तेथे होई, आणि नाका मागे पडला की मनुष्य त्यास विसरून पुढच्या चहाचा विचार करू लागे. आता नाका बिऱ्हाडासह आपल्या घरी राहावयास आला आहे. तो रात्री साडेअकरास मोबाइलवर शिल्लक कमी असल्याची वर्दी देतो. तो केवायसी मागतो. मोटार खाली जागेवर उभी असता भलत्याच जिल्ह्यातील नाक्यावर तिने टोल भरल्याचा निरोप धाडून तो गृहस्थास पायजम्यानिशी पार्किंगमध्ये पळवतो. रांग नाहीशी झाली, असे जे सांगण्यात येते, ते खरेच आहे. ती आता घरोघर लागते, म्हणून एका ठिकाणी दिसत नाही.

सगळीच रांग काही घरोघर गेली नाही, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. मे २०२१ मध्ये महामार्ग प्राधिकरणाने ठरवले होते की, गर्दीच्या वेळीही एका वाहनास दहा सेकंदांहून अधिक काळ लागू नये, नाक्यापासून १०० मीटरवर पिवळी रेघ ओढावी आणि रांग त्या रेघेपलीकडे गेल्यास ती आत येईपर्यंत वाहने फुकट सोडावीत. रेघा ओढल्याही गेल्या. दिवाळीच्या सुटीत त्या रेघेच्या पुष्कळ मागे उभे राहून तिच्याकडे आशेने पाहणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. पुढे, रांग काही मागे हटेना म्हणून, नियमच मागे घेण्यात आला.

जकातीच्या इतिहासात सवलतींचे प्रकरण नेहमीच अधिक वाचनीय असते. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियर याने इंग्रजांच्या कंपनीस फर्मान दिले की, सालीना ३००० रुपये भरल्यावर बंगालच्या सुभ्यात तिच्या मालावर जकात पडणार नाही. कंपनीचे दस्तक दाखवावे आणि चौकीवरून खुशाल पुढे जावे. १५ ऑगस्ट २०२५ पासून आमच्या सरकारने खासगी मोटारींसाठी वार्षिक पास काढला, त्याचीही किंमत आरंभी ३००० रुपयेच ठेवली. तोवर तीनशे वर्षांत जिचा भाव एका रुपयानेही चढला नव्हता अशी ही बहुधा एकमेव वस्तू असावी, आणि महागाईविषयी ओरड करणाऱ्यांनी याची अवश्य दखल घ्यावी. फरक असलाच तर तपशिलाचा आहे. कंपनीच्या दस्तकावर फेऱ्यांची मर्यादा नव्हती. आमच्या पासावर २०० फेऱ्या अथवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. शिवाय पास राष्ट्रीय मार्गांपुरता असल्याने, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, जो राज्याच्या महामंडळाचा आहे, त्याचा उपयोग नाही. म्हणजे ज्या रस्त्यावर मुंबई-पुण्याचा मनुष्य सर्वाधिक जातो तो सोडून इतरत्र त्याने मनसोक्त हिंडावे, असा सरकारचा उदार हेतू दिसतो. कंपनीच्या नोकरांनी ते दस्तक स्वतःच्या खासगी व्यापारासाठी वापरले आणि त्यावरून पुढे नबाबाशी लढाया झाल्या. आमच्याकडील ‘सूटप्राप्त’ मंडळींची यादी नाक्यावर भल्यामोठ्या फलकावर रंगवलेली असते, राष्ट्रपतींपासून सुरू होते, आणि ती पुरती वाचून होण्याच्या आत मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवतो.

सवलतींचा विषय निघालाच आहे तर मुंबईचे पाच प्रवेशनाके विसरता येत नाहीत. वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन व दहिसर येथे हलक्या वाहनांस १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून टोल माफ झाला. दुसऱ्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागू झाली. ज्योतिषशास्त्रावर आमचा विश्वास नाही, तथापि मुहूर्त साधण्याची विद्या मंत्रालयात अजून जिवंत आहे, एवढे यावरून कबूल करावे लागते. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच, १ एप्रिल २०२५ पासून, राज्याच्या उरलेल्या नाक्यांवरही फास्टॅग सक्तीचा झाला. त्या तारखेच्या निवडीमागे कोणाचा विनोद असेल असे आम्हांस वाटत नाही.

अण्णांची मोटार, सर्व कागद पूर्ण झाल्यावर, साताऱ्याकडे निघाली. आम्ही शेजारी बसलो होतो. एका नाक्यावर रीडरने टॅग ओळखण्यास साफ नकार दिला. काठीला लावलेला हातातला स्कॅनर घेऊन एक मुलगा धावत आला आणि त्याने या व्यवसायातील नित्याचा मंत्र म्हटला, “काका, जरा मागं घ्या... थोडं पुढं... परत मागं.” मागे सात-आठ मोटारी चिकटून उभ्या असताना मागे कसे घ्यायचे, हे मंत्रात सांगितलेले नसते. त्याने स्कॅनर काचेस जवळजवळ टेकवला, टॅगवर तळहात घासला, शेवटी आकाशाकडे पाहिले आणि म्हणाला, “मशीन घेईना. कॅश द्या. डबल होतील.”

अण्णांनी हँडब्रेक ओढला. खणातून त्यांनी एक प्लास्टिकचे पाकीट काढले व त्यातून ७ मे २०१८ च्या अधिसूचनेची प्रत काढून खिडकीतून पुढे केली. वैध आणि पुरेशी शिल्लक असलेला टॅग नाक्यावरील यंत्रणेच्या दोषामुळे वाचता न आल्यास वाहन विनामूल्य सोडावे आणि चालकास शून्य रकमेची पावती द्यावी, असे ती सांगते. मुलाने कागद उलटसुलट करून पाहिला. मॅनेजर आला. त्याने अण्णांच्या मोबाइलवरील शिल्लक पाहिली, मागची रांग पाहिली, आणि जाणत्या मनुष्याप्रमाणे फाटक वर केले. “जावा काका, तुमचं राहू द्या.”

“जातो. पावती?”

“पैसेच घेतले नाहीत तर पावती कशाची?”

“शून्याची.”

मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. कोणी खाली उतरून आमच्या दिशेने येऊ लागले. आम्ही अण्णांच्या बाहीस हात लावला, तेव्हा कोठे ते पुढे निघाले. परंतु साताऱ्यापर्यंत त्यांनी देखाव्याकडे पाहिले नाही. घरी परतल्यावर त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज केला आणि त्या तारखेच्या, त्या लेनच्या, शून्य रकमेच्या पावतीची नक्कल मागितली. उत्तर मुदतीत आले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. त्यात कळवले होते की, अर्जदाराने व्यवहार क्रमांक नमूद न केल्याने अभिलेख शोधता येत नाही, आणि सदर वाहनाच्या बाबतीत कोणताही व्यवहार झाल्याचे दिसून येत नसल्याने असा क्रमांक या कार्यालयाकडून पुरवता येत नाही. अण्णांनी ते पत्र तीनदा वाचले. मसुदा कोणाचा असेल, याविषयी त्यांच्या मनात व्यावसायिक आदर उत्पन्न झाल्याचे आम्हांस स्पष्ट दिसले. प्रथम अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे, असे सांगून ते कार्बन पेपर शोधावयास आत गेले.